मेंदूचं टॉन्सिल खाली आलंय म्हणजे काय?

‘टॉन्सिल खाली आलंय म्हणे, पण माझा घसा तर कधी दुखत नाही!’ एमआरआयचा रिपोर्ट पुढे ठेवून रुग्ण असं म्हणतात, तेव्हा त्यांचा गोंधळ स्वाभाविक असतो. हे टॉन्सिल घशातलं नव्हे. लहान मेंदूच्या तळाशी दोन्ही बाजूंना जी गोलसर टोकं असतात, त्यांचंही नाव टॉन्सिलच. कवटीच्या तळाच्या ज्या मोठ्या छिद्रातून मज्जारज्जू खाली उतरतो, त्याच्या पातळीखाली ही टोकं आली की रिपोर्टात ‘लो लाइंग टॉन्सिल्स’ लिहून येतं.

तीन मिलिमीटरपर्यंत खाली असणं बहुतेकदा निर्धोक असतं. पाचच्या पुढे गेलं की त्याला ‘कियारी १’ म्हणतात. हान्स कियारी या डॉक्टरांनी १८९१ साली हा प्रकार प्रथम वर्गवार मांडला. पण नुसत्या आकड्याला घाबरू नका. आठ-दहा मिलिमीटर असूनही जन्मभर तक्रार नसलेले लोक आहेत. अर्धशिशीसाठी एमआरआय काढला आणि त्यात हे सहज दिसलं, असंही पुष्कळदा होतं. अशा वेळी उपचार अर्धशिशीवर करायचे असतात.

कियारीची डोकेदुखी ओळखू येते. खोकला, शिंक, जोरात हसणं, कुंथणं किंवा उसाची मोळी उचलणं, असं काही झालं की डोक्याच्या मागच्या भागात कळ येते आणि थोड्या वेळात ओसरते. उभं राहिल्यावर वाढणारी आणि आडवं होताच थांबणारी डोकेदुखी मात्र वेगळी. तिथे मेंदूभोवतालचं पाणी कुठून तरी झिरपत असू शकतं, आणि त्यामुळेही टॉन्सिल खाली ओढलं जातं. त्यावर कियारीचं ऑपरेशन करणं चूक ठरेल.

मला जास्त काळजी वाटते ती हातांची. खाली आलेल्या टॉन्सिलमुळे मेंदूभोवतालच्या पाण्याचा प्रवाह अडला की मज्जारज्जूत पोकळी तयार होऊ शकते. मग स्पर्श कळतो, पण गरम-गार आणि वेदना कळेनाशी होते. गुऱ्हाळावर काहिलीशेजारी राबणाऱ्याला चटका बसतो आणि फोड आल्यावरच ते ध्यानात येतं. लहान मुलात पाठीचा कणा वाकडा होणं हेही याचं लक्षण असू शकतं. म्हणून तक्रार असेल तर मेंदूसोबत मणक्याचाही एमआरआय करून घ्या.

तक्रार नसेल, पोकळी नसेल, तर फक्त लक्ष ठेवायचं. ऑपरेशन लागलंच तर डोक्याच्या मागचं थोडं हाड काढून जागा मोकळी करतात. त्याने खोकल्याची डोकेदुखी बहुधा जाते. गेलेली संवेदना पूर्ण परतेलच असं नाही. म्हणून हात बधिर असताना वर्षानुवर्षं थांबू नका.

निदान झालं असेल तर सलूनमध्ये मान मोडून घेणं बंद करा. तालमीत मानेवर ब्रिज घालणाऱ्या पोरांनी आधी न्यूरोसर्जनला विचारावं. कमरेतून भूल देणार असतील तर भूलतज्ज्ञाला हा रिपोर्ट दाखवा.

आणि गिळताना वारंवार ठसका लागू लागला, झोपेत श्वास अडखळू लागला, चालताना तोल जाऊ लागला किंवा हातातली ताकद कमी झाली, तर पुढच्या ओपीडीची वाट पाहू नका. रिपोर्टसोबत फिल्म किंवा सीडी घेऊन त्याच दिवशी कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा.