खुंट्यांवरची टोपी

आम्ही ३५ वर्षे शाळेत शिकवले. मग निवृत्त झालो. हातातला खडू सुटला. त्याच वर्षी आमचे कुटुंब वारले.

दिवस कसा तरी जाई. रात्र मात्र जाता जात नसे. हात मांडीवर ठेवून आम्ही ओसरीवर बसून राहू. सून म्हणे, "मामंजी, दोन घास खाऊन घ्या." आम्ही म्हणू, "भूक नाही."

एके दिवशी नातीने एक वस्तू आणली. लाकडाचे गोल कडे. कड्यावर २४ खुंट्या. "आबा, यावर टोपी होते. मी शिकवते." आम्ही म्हटलं, "हे कसलं खूळ?" पण पोरीचे मन मोडवेना. ३५ वर्षे पोरांना शिकवलं, त्या दिवशी नातीपुढे आम्ही विद्यार्थी झालो. मोठेपणी शिकायला लाज कसली? तुम्हीही हा धडा वाचता आहातच.

घोंगडी मागावर विणतात. तिच्यात उभा ताणा असतो आणि आडवा बाणा असतो. टोपीचे तसे नाही. तिला एकच धागा लागतो. धाग्याचा एक वळसा दुसऱ्या वळशातून काढायचा. स्वेटरही असाच होतो. तो सुयांवर विणतात. सुईवरचा टाका नवख्याच्या हातून निसटतो. इथे प्रत्येक टाक्याला आपली खुंटी असते, म्हणून काम सोपे.

काय लागते?

गावच्या सुताराकडून कडे करून घ्या. तान्ह्या बाळाच्या टोपीला कडे साडेपाच इंच रुंद असावे. खुंट्या २४, दोन खुंट्यांत पाऊण इंच अंतर. मोठ्या माणसासाठी कडे मोठे हवे, खुंट्याही जास्त हव्यात. खुंट्या कानशीने गुळगुळीत करून घ्या, नाहीतर धागा अडकतो. मऊ लोकर घ्या. बारीक असेल तर दोन धागे एकत्र धरा. जुना स्वेटर उसवला तरी चालेल. एक आकडी आणि एक मोठ्या नेढ्याची सुई जवळ ठेवा.

कसे विणावे?

१. धाग्याच्या टोकाला फास करा. तो पहिल्या खुंटीत अडकवा.

२. धागा कड्याच्या आतून दुसऱ्या खुंटीकडे न्या. खुंटीला बाहेरून वेढा द्या. धागा पुन्हा आत आणा. असे सगळ्या खुंट्यांवर करा. धागा फार आवळू नका.

३. तशीच दुसरी फेरी घ्या. आता प्रत्येक खुंटीवर दोन वळसे झाले. एक खाली, एक वर.

४. आकडीने खालचा वळसा उचला. तो वरच्या वळशावरून आणि खुंटीच्या डोक्यावरून काढून आत सोडा. वरचा वळसा खुंटीवरच राहू द्या. हा झाला एक टाका.

५. सगळ्या खुंट्यांवर असे झाले की पुन्हा वेढे द्या, पुन्हा टाके काढा. विणलेली पट्टी कड्याच्या आतून खाली उतरू लागेल.

६. सहा इंच विणून झाले की धागा तोडा. कड्याला दोन वेढे बसतील एवढे टोक राखा. ते सुईत ओवा. सुई प्रत्येक वळशातून काढा आणि वळसा खुंटीवरून उतरवा. मग धागा ओढा. टोपीचा माथा मिटतो. आतून गाठ मारा.

आमच्या पहिल्या टोपीला भोक पडले. एक टाका निसटला होता. नात हसली. आम्ही सगळे उसवले आणि पुन्हा बसलो. फळ्यावरचे चुकलेले अक्षर पुसतो, तसेच हे.

पारावर लोक म्हणाले, "मास्तर, बायकांचं काम हो हे!" आम्ही म्हटलं, "घोंगडी कोण विणतं? सणगर पुरुष मागावर बसतातच ना? आणि ऐका. इ. स. १५८९ मध्ये इंग्लंडात विल्यम ली नावाच्या पाद्र्याने मोजे विणायचे यंत्र केले. ओळीतल्या प्रत्येक टाक्याला त्याने वेगळी आकडी दिली. एका टाक्याला एक खुंटी, त्यातलाच हा प्रकार!" पार गप्प झाला. दुसऱ्या दिवशी त्यांतला एक जण हळूच येऊन कडे बघून गेला.

पुढे पौषात सुनेला मुलगी झाली. वजनाने फार कमी. आशाताई म्हणाल्या, "पोरीला आईच्या छातीशी, अंगाला अंग लावून धरा. डोकं झाकलेलं ठेवा. लहान बाळाची ऊब डोक्यातून लवकर जाते." आमच्यापाशी टोपी तयार होती. ती स्वच्छ धुऊन, वाळवून पोरीला घातली. आज ती अंगणात पळते. ती वाचली आईच्या उबेने, दुधाने आणि दवाखान्याच्या उपचाराने. टोपीचा वाटा लहानसा. पण तो आमच्या हातचा होता.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. बाजारातली पुष्कळशी लोकर कृत्रिम धाग्याची असते. ती आगीत वितळते, म्हणून चुलीपासून दूर ठेवा. आणि बाळ घामेजले तर टोपी काढा.

तुम्ही विचाराल, "मास्तर, दुःख गेलं का?" नाही गेले. विणकाम काही औषध नव्हे. फार उदास वाटत असेल तर डॉक्टरांना भेटावेच. पण हाताला काम असले की मन एका जागी बसते. वेढा द्या, टाका काढा, वेढा द्या, टाका काढा. रात्र आता जाते. सकाळी सून विचारते, "मामंजी, किती फेऱ्या झाल्या?" आम्ही सांगतो, आणि मग दोन घास जातात.

प्रश्न

१. घोंगडी आणि टोपी यांच्या विणीत काय फरक आहे?

२. टाका कसा काढतात, ते आपल्या शब्दांत सांगा.

३. तुमच्या घरी कोणाचे हात रिकामे आहेत? त्यांना हा धडा वाचून दाखवा.