नाकाचं हाड, ॲलर्जी आणि ऑपरेशनचा निर्णय



दिवाळीची सुट्टी संपली की आपल्याकडे धुळे-जळगावच्या शाळांत शिंका सुरू होतात. वेचलेला कापूस घरात भरलेला, बांधावर गाजर गवत फुललेलं. (हे गवत मूळचं अमेरिकेकडचं, आपल्याकडे १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम दिसलं.)

माझ्या चौथीतला एक मुलगा रोज सकाळी दहा-पंधरा शिंका द्यायचा. नाक चोंदलेलं, तोंड उघडं, रात्रीची झोप अर्धवट. 'लक्ष नाही तुझं' म्हणून मी त्याला दोनदा रागावलेही. पालकसभेत त्याचे वडील म्हणाले, "मॅडम, पोरगाना नाकनं हाड वाढी गयं. ऑपरेशन करनं पडी." कापसाचे पैसे त्यासाठी बाजूला ठेवले होते. हे निदान कुणी गावातल्याने सांगितलेलं.

आता 'हाड वाढलं' म्हणजे काय ते बघू. नाकाच्या आत दोन्ही बाजूंना हाडावर मऊ त्वचेची घडी असते. ॲलर्जीत धूळ किंवा परागकण आत गेले की शरीर त्यांना शत्रू समजतं, हिस्टामिन सुटतं आणि ही घडी सुजते. बाहेरून बघणाऱ्याला ते वाढलेलं हाड वाटतं. काहींच्या नाकाचा मधला पडदा खरंच वाकडा असतो, पण शिंका आणि खाज त्याने येत नाही.

म्हणूनच ऑपरेशनने वाट मोकळी होते, ॲलर्जी जात नाही. घडी लहान केली तरी धूळ लागली की शिंका येणारच. ऑपरेशन लागतं ते नाकात कोंब वाढले असतील, लहान मुलांत नाकामागची ॲडेनॉइडची गाठ मोठी असेल, किंवा औषध नीट घेऊनही सूज उतरत नसेल तेव्हा. पडद्याचं ऑपरेशन वाढत्या वयात डॉक्टर शक्यतो लांबवतात.

'नीट घेऊनही' हे महत्त्वाचं, कारण घोळ तिथेच होतो. सेट्रिझिनसारखी गोळी शिंका आणि खाज थांबवते, चोंदलेल्या नाकावर तिचा उपयोग कमी. काही मुलांना वर्गात झोप येते, तेव्हा तेही विचारा. चोंदण्यावर खरा उपाय म्हणजे नाकातला स्टिरॉइडचा स्प्रे. तो रोज मारावा लागतो आणि पूर्ण गुण यायला दोन आठवडेही लागतात. आपण चार दिवसांत बंद करतो आणि म्हणतो, औषध लागू पडत नाही! स्टिरॉइड या शब्दाला घाबरू नका, मात्रा अगदी थोडी असते. तरी स्प्रे बरेच महिने चालला तर मुलाची उंची मोजत राहावी. ती तर आपण शाळेत मोजतोच.

मेडिकलमधून आणलेले नाक लगेच मोकळं करणारे थेंब मात्र वेगळे. तीन ते पाच दिवसांच्या पुढे वापरले तर नाक उलट जास्त चोंदू शकतं.

स्प्रे मारताना मान किंचित पुढे, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, तोंड बाहेरच्या बाजूला, मधल्या पडद्यावर नको. जोरात ओढायचं नाही, नाहीतर औषध घशात जातं.

त्या मुलाला कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तपासलं. ॲलर्जीच निघाली, ऑपरेशन सांगितलं नाही. स्प्रे चालू आहे, कापूस झोपायच्या खोलीतून हलवला. मी फळा ओल्या फडक्याने पुसते आणि त्याला मागच्या बाकावर बसवलंय. अजून शिंकतो, पण तोंड मिटून झोपतो असं त्याची आई सांगते. तुमच्या वर्गात असं मूल असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येईल तेव्हा त्याचं नाव आधी सांगा.