कळंबोलीच्या अलीकडे, किवळ्याच्या पलीकडे

मुंबई-पुणे किती वेळ लागतो असं कुणी विचारलं की बहुतेक जण 'तीन तास' म्हणून मोकळे होतात. हे उत्तर एक्सप्रेसवेचं असतं, प्रवासाचं नसतं. २००२ मध्ये पूर्ण झालेला हा रस्ता कळंबोली ते किवळे, जेमतेम ९५ किलोमीटरांचा. त्याच्या अलीकडे सायन, चेंबूर, मानखुर्द आणि वाशीचा खाडीपूल. पलीकडे वाकड, चांदणी चौक आणि पुढे तुमचं घर. तीन तास सांगणारा माणूस बहुधा कळंबोलीला झोपलेला असतो आणि वाकडला जागा झालेला.

कोथरूडहून फोर्टात कामासाठी माझी बरीच वर्षं ये-जा झाली. तेवढ्यावरून सांगतो: 'बस की रेल्वे' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, पोचण्याची वेळ हलवता येते का? कोर्टाची तारीख, मुलाखत, व्हिसाचं काम, विमान, लग्न यांत ती हलत नाही. मावशीकडे जेवायला जाताना हलते. मावशी रागावते, पण वाढते.

वेळ हलत नसेल तर रेल्वे. डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली आणि आजही सकाळी सव्वासातला पुण्याहून निघून साडेदहाच्या आसपास सीएसएमटीला टेकते. सिंहगड त्याहून आधी, सहाच्या सुमारास सुटते. बोरघाटात रूळ ३७ फुटांना एक फूट असे चढतात, म्हणून पुण्याकडे येताना कर्जतला गाडीच्या शेपटाला जादा इंजिनं लावतात. त्यात जाणारी मिनिटं वेळापत्रकात आधीच धरलेली असतात. रस्त्यावरच्या घाटाला वेळापत्रक नसतं, एवढाच काय तो फरक. पण तोच सगळा फरक आहे.

रेल्वेची अडचण तिकिटाची. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि शुक्रवार-रविवारच्या गाड्या लवकर भरतात. ऑनलाइन काढलेलं वेटिंगचं तिकीट चार्ट लागल्यावरही वेटिंगच राहिलं तर आपोआप रद्द होतं, पैसे खात्यात येतात. पण ते दाखवून डब्यात चढता येत नाही. 'बघू, टीसीला विनंती करू' यावर मुंबईची तारीख सोडू नये. पासवाल्यांच्या डब्यात तर चुकूनही शिरू नका. तिथली प्रत्येक खिडकी कुणाची तरी वर्षानुवर्षांची असते, आणि ते तुम्हाला सौम्य शब्दांत सांगितलं जाईलच असं नाही.

रस्त्याचा अनुभव सांगायचा तर भाचीचं लग्न शनिवारी सकाळी होतं आणि सीमांतपूजन शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला, पुण्यात. मी मामा. परतीच्या गाड्यांना वेटिंग होतं, म्हणून दुपारी दोनच्या खाजगी बसचं तिकीट काढलं. तिकीट देणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, 'साहेब, सहाला वाकड.' बस अडीचला आली. मग चेंबूर, वाशी, नेरूळ, कळंबोली अशी शिटा गोळा करत निघाली. कळंबोलीला तर एका प्रवाशाचा फोन लागेना म्हणून आम्ही सगळेच थांबलो. घाटाच्या तोंडाशी पोचेपर्यंत पाच वाजून गेले होते. पुढे अमृतांजन पुलाजवळ एक ट्रेलर बंद पडला होता. (पूल २०२० मध्ये पाडला, जागेला नाव तेच राहिलं.) मी कार्यालयात पोचलो तेव्हा आचारी भांडी घासायला काढत होते. बहीण एवढंच म्हणाली, 'दादा, उद्या तरी वेळेवर ये. आता पुण्यातच आहेस.'

हे नशिबावर ढकलायचं कारण नाही. घाटात काही अंतर एक्सप्रेसवे आणि जुना महामार्ग एकत्र होतात. दोन रस्त्यांची वाहनं एका रस्त्यात, त्यात चढ, आणि चढावर कंटेनर डाव्या लेनचा नियम पाळत नाहीत. पुण्याकडे येताना चढ असतो, म्हणून शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवारची सकाळ वाईट. सुट्ट्या जोडून आल्या की पोलीस मुंबईकडे जाणारी वाहनं काही वेळ थांबवून त्या लेनही पुण्याकडे सोडतात. तेव्हा उलट जाणाराही अडकतो. रविवारी संध्याकाळी अख्खं लोणावळा मुंबईला परत निघतं. खोपोली ते कुसगाव हा सुमारे १३ किलोमीटरांचा मिसिंग लिंक घाटाचा हाच भाग टाळण्यासाठी आखला गेला. पण वाशीचा पूल आणि वाकडचा चौक त्याने सुटत नाहीत.

तरी रस्त्याला नावं ठेवून चालणार नाही. मंगळवार-बुधवारी सकाळी अकरानंतर किंवा पहाटे पाचला निघालात तर एसटीच्या शिवनेरी बससारखं सुख नाही. दादरहून ती सुटते, वाटेत शिटा शोधत फिरत नाही, आणि एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. काम नवी मुंबईत असेल तर रेल्वेने आधी दादरला जाऊन पुन्हा मागे येणं हा शुद्ध वेडेपणा. बसने वाशीला उतरा. शेअर टॅक्सी वेगवान खरी, पण चौथी शीट भरेपर्यंत ती हलत नाही. तुम्ही पहिले असाल तर चहा घ्या.

पावसाळ्यात मात्र माझं रेल्वेप्रेमही आवरतं घेतो. कुर्ला-सायनला पाणी साचलं किंवा मंकी हिलच्या बाजूला दरड आली की पुण्याच्या गाड्याच आधी रद्द होतात, आणि मग सगळे प्रवासी एकाच वेळी दादरच्या बसथांब्यावर लोटतात. दरड रस्त्यालाही सोडत नाही. जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्यापाशी ती वाहनांवर कोसळली होती. जुलै-ऑगस्टात महत्त्वाचं काम असेल तर आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करा. लॉजचं भाडं हुकलेल्या मुलाखतीपेक्षा स्वस्त पडतं.

आणखी एक गोष्ट, जी तिकीट काढताना कुणालाच आठवत नाही. घाटात गाडी अडकते तेव्हा खालापूरचा फूड मॉल मागे राहिलेला असतो आणि लोणावळा पुढे असतं; मध्ये स्वच्छतागृह नाही आणि बसमधून उतरून जायला सुरक्षित जागाही नाही. मधुमेही माणूस, गरोदर बाई, लहान मूल किंवा सत्तरीपुढचे आई-वडील बरोबर असतील तर शुक्रवारी दुपारनंतर पुण्याकडे रस्त्याने निघू नका. रेल्वेचं तिकीट मिळत नसेल, तर शनिवारी पहाटे निघा.