रांजण आणि बॅटरी : स्मार्ट चार्जरचा पाठ

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले. शेजारच्या दापोली तालुक्यासही त्याचा मोठा तडाखा बसला. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले आणि मुरुडसारख्या किनाऱ्यावरील गावांना अनेक दिवस अंधारात काढावे लागले. अशा समयी साठविलेली वीज हाच आधार असतो. परंतु घरात बॅटरी असणे निराळे आणि ती ऐन वेळी उपयोगी पडणे निराळे. हा भेद विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविणे हा प्रस्तुत पाठाचा उद्देश होय.

इन्व्हर्टरची १२ व्होल्टची शिसे-अम्ल बॅटरी ही सुमारे २ व्होल्टच्या ६ घटांची माला असते. वीज वापरली जात असता आतील पट्ट्यांवर लेड सल्फेट जमते. चार्जिंग करताना ते पुन्हा मूळ द्रव्यांत पालटते. बॅटरी दीर्घकाळ अर्धवट भरलेली राहिल्यास या सल्फेटचे स्फटिक कठीण होतात व तिची साठवणशक्ती घटते. उलटपक्षी, पूर्ण भरल्यावरही जोराने चार्जिंग चालू ठेवल्यास पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात, पाणी आटते आणि पट्ट्या झिजतात. सारांश, उपासमार व अतिभोजन ही दोन्ही तिला घातक आहेत.

येथे शिक्षकांनी मातीचा रांजण व कळशी घेऊन प्रयोग करून दाखवावा. रिकाम्या रांजणात प्रथम भराभर पाणी ओतावे, काठ जवळ येताच धार बारीक करावी, आणि भरल्यावर झिरपेल तेवढीच भर घालावी. स्मार्ट चार्जर नेमके हेच करतो. पहिल्या टप्प्यात तो मोठा प्रवाह देतो. दाब सुमारे १४.४ व्होल्टवर पोहोचला की तो दाब स्थिर राखतो व प्रवाह आपोआप कमी होत जातो. अखेर दाब सुमारे १३.६ व्होल्टवर उतरवून तो केवळ नैसर्गिक घट भरून काढतो. दाब व प्रवाह सतत मोजण्याचे काम आतील सूक्ष्म नियंत्रक करतो. काही चार्जर तापमानही पाहतात आणि उष्णता वाढल्यास दाब कमी करतात. मोबाइलमधील लिथियम घटाचे रसायन भिन्न असल्याने सामान्यतः ४.२ व्होल्ट ही त्याची मर्यादा असते. म्हणून एका जातीचा चार्जर दुसऱ्या जातीच्या बॅटरीस लावू नये.

तथापि चार्जर सर्वसमर्थ नाही, हेही सांगावे. आटलेले पाणी तो भरीत नाही. त्यासाठी मोठ्या माणसांनीच डिस्टिल्ड वॉटर घालावे. बॅटरीची जागा हवेशीर असावी, जवळ ज्योत नसावी आणि मुलांनी अम्लास हात लावू नये.

पाठाच्या शेवटी पुढील प्रश्न विचारावा : “वादळाची सूचना मिळाल्यावर बॅटरी कोणत्या स्थितीत असावी, व वीज गेल्यावर प्रथम काय बंद करावे?” विद्यार्थ्यांनी ही उत्तरे घरी जाऊन वडीलधाऱ्यांस समजावून दिली, म्हणजे पाठ सफल झाला असे समजावे.