हमालांचे डॉक्टर

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर हे तालुक्याचे गाव पैनगंगेच्या काठी वसले आहे. दिवाळीच्या मागेपुढे येथील बाजार समितीच्या आवारात सोयाबीनच्या राशी लागतात. पुढे तूर येते, मग हरभरा. ज्यांनी मेहकर पाहिले नसेल त्यांनी आपापल्या तालुक्याचा बाजार डोळ्यांपुढे आणावा. लिलाव पुकारणारे अडते, काट्यावर माल जोखणारे तोलणार, सावलीला बसून भावाची वाट पाहणारे शेतकरी, आणि सर्वांच्या अंगावर बसणारी धूळ. या गजबजाटात एक मनुष्य सर्वांना दिसतो आणि तरी त्याच्याकडे कोणी पाहत नाही. तो म्हणजे हमाल. तो कमरेत वाकतो, दोघे जण पोते उचलून त्याच्या पाठीवर देतात, आणि अरुंद फळीवरून तो मालमोटारीत चढतो. परत येताना तो जवळजवळ धावतच येतो. कारण त्याची मजुरी पोत्यांवर मोजली जाते, तासांवर नाही.

मी शाळेत शिकवीत असताना एकदा मुलांना विचारले, ''या मनुष्याची पाठ दुखू लागली तर त्याने काय करावे?'' वर्गातला एक हुशार मुलगा चटकन उठून म्हणाला, ''डॉक्टरकडे जावे, सर.'' उत्तर काही चुकीचे नव्हते. परंतु पुण्यात एक डॉक्टर असे होऊन गेले की, त्यांना स्वतःला हे उत्तर अपुरे वाटले. त्यांचे नाव डॉक्टर बाबा आढाव.

बाबांचा जन्म १ जून १९३० रोजी पुण्यात झाला. राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांत ते वाढले. आयुर्वेदाचे शिक्षण पुरे करून त्यांनी नाना पेठेत दवाखाना सुरू केला. नाना पेठ व भवानी पेठ हा त्या काळी पुण्याच्या भुसार मालाच्या व्यापाराचा भाग. गूळ, धान्य, मिरची यांनी भरलेल्या वखारी, आणि त्यांच्या दारांत दिवसभर पोती वाहणारी माणसे. ही माणसे संध्याकाळी डॉक्टरांच्या बाकावर येऊन बसत. कोणाची मान आखडलेली, कोणाची कंबर धरलेली, कोणाला मिरचीच्या धुळीने खोकला जडलेला.

त्या काळचे पोते शंभर किलोचे असे. कधी त्याहूनही अधिक भरे. शंभर किलो म्हणजे किती, हे समजायचे असेल तर असे करा : तुमच्या वर्गातील तीन मुले एकदम एकाच्या पाठीवर बसली आहेत अशी कल्पना करा. त्यांना घेऊन त्याने फळी चढायची. दिवसातून एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. एक वर्ष नव्हे, अंगात बळ असेल तोवर. डॉक्टरांनी लेप दिला, गोळी दिली, की दुखणे चार दिवस थांबे. पाचव्या दिवशी तीच पाठ आणि तेच पोते. विश्रांती घ्या असे सांगावे, तर विश्रांतीच्या दिवशी चूल पेटत नसे. रोग पाठीत दिसत होता खरा, पण त्याचे मूळ बाजाराच्या रीतीत होते. तिच्यावरचे औषध दवाखान्याच्या कपाटात नव्हते.

ती रीत कशी होती, हे नीट समजून घेतले पाहिजे. हमाल दिवसभर राबे, पण तो नोकर कोणाचा, याचा पत्ता नसे. व्यापारी म्हणे, हा माझा माणूस नाही, माझ्या दारी आलेला मजूर आहे. शेतकरी म्हणे, मी तर माल घेऊन एका दिवसापुरता आलो. मालकच नाही म्हटल्यावर रजा कोणाकडे मागायची? पाय मोडला तर दवाखान्याचा खर्च कोणी द्यायचा? म्हातारपणी आधार कोणाचा? कायद्याच्या दृष्टीने हा मनुष्य जणू कोठेच काम करीत नव्हता.

१९५५ मध्ये बाबांच्या पुढाकाराने पुण्यात हमाल पंचायत स्थापन झाली. 'पंचायत' हा शब्द मला फार आवडतो. गावातील साध्या माणसाला तो ओळखीचा वाटतो. सुटा सुटा असताना ज्याचे कोणी ऐकत नव्हते, तो हमाल आता आपल्या बरोबरीच्या माणसांसह बसून दर ठरवू लागला, मागणी मांडू लागला. संप झाले, मोर्चे निघाले. व्यापाऱ्यांचीही एक बाजू होती : हमाली वाढली तर धंद्याचा खर्च वाढेल, अशी त्यांना धास्ती वाटे. ती धास्ती अगदीच निराधार नव्हती. पण आजवर जो खर्च टळत होता तो हमालाच्या हाडांतून भरून निघत होता, हे मात्र वहीत कोठेच मांडले जात नव्हते.

मुंबईच्या गोद्यांत आणि बाजारांत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांची अशीच भक्कम संघटना उभी केली होती. या सर्वांच्या लढ्यातून १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला. त्याची युक्ती मोठी साधी आहे. हमालाला एक मालक नाही ना? मग एक मंडळ नेमावे. त्यावर सरकारचे, मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी असावेत. व्यापाऱ्याने मजुरी मंडळाकडे भरावी, आणि तिच्यावर ठराविक रक्कम जास्तीची द्यावी. त्या जास्तीच्या पैशातून हमालाला भविष्यनिर्वाह निधी, रजेचा पगार, औषधपाणी मिळावे. ज्याला कोणी मालक नव्हता, त्याच्या नावाचे खाते मंडळाच्या दप्तरी उघडले गेले!

पोत्याचे वजन पन्नास किलोवर आणावे, ही मागणीही बाबांनी दीर्घकाळ लावून धरली. १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने प्रौढ पुरुषाने हातांनी उचलावयाच्या ओझ्याची मर्यादा पंचावन्न किलो असावी अशी शिफारस केली होती. तेव्हा हमाल काही जगावेगळे मागत नव्हते.

पुढे बाबांनी आपला दवाखाना बंद केला आणि सारा वेळ या कामाला दिला. मात्र दुखणे कोठून येते हे शोधण्याची त्यांची वैद्याची दृष्टी सुटली नाही. हमालाच्या पोटात काय जाते, असा त्यांनी विचार केला. गाव सोडून एकटे आलेले पुष्कळ जण चहा-पावावर दिवस काढीत. म्हणून १९७४ मध्ये हमाल पंचायतीने 'कष्टाची भाकर' हे उपाहारगृह सुरू केले. तेथे नफा घ्यावयाचा नाही, भाकरी-भाजी पोटभर व स्वस्त मिळाली पाहिजे, असा नियम ठेवला. त्यातून कष्टकरी घरांतील स्त्रियांना काम मिळाले, ही गोष्ट वेगळीच.

आता या बाजारातून आपल्याला एका विहिरीवर जावयाचे आहे. शहरात ओझी वाहणारी ही माणसे बहुधा खेड्यांतून, त्यातही कोरडवाहू मुलखातून आलेली असत. तेव्हा त्यांच्या दुखण्याचा माग काढणारा माणूस खेड्यापर्यंत पोहोचला नसता तरच नवल.

१९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आमचे खेडे मेहकरपासून फार दूर नव्हते. गावच्या विहिरी एकेक करून आटल्या आणि एकाच विहिरीला कमरेइतके पाणी उरले. तिच्या चौथऱ्यापासून दहा-बारा पावलांवर, उन्हात, दलित वस्तीतील एक बाई रिकामी घागर घेऊन बसलेली असे. विहिरीला हात लावण्याची तिला मुभा नव्हती. कोणाला दया आली, तर तो वरून तिच्या घागरीत पाणी ओती. घागरीला आपल्या भांड्याचा स्पर्श होणार नाही इतक्या उंचीवरून. माझी आजी प्रेमळ होती. तीही असेच पाणी ओती, आणि अर्धे पाणी मातीत सांडे. ज्या वर्षी माणसे पाण्यासाठी तीन-तीन कोस चालत होती, त्या वर्षी! मला तेव्हा त्यात काही वावगे वाटले नाही, हे लिहिताना आजही मान खाली जाते.

कायद्याने हे केव्हाच बंद व्हावयास हवे होते. महात्मा फुले यांनी १८६८ मध्येच आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला होता. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा ठराव मुंबईच्या विधिमंडळात १९२३ मध्ये झाला. २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन तो हक्क बजावला. १९५० पासून अमलात आलेल्या आपल्या संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि १९५५ मध्ये ती पाळणाऱ्यास शिक्षा सांगणारा कायदाही झाला. तरी आमच्या विहिरीवरचे ते दहा-बारा पावलांचे अंतर १९७२ मध्ये जसेच्या तसे होते.

त्याच सुमारास फुल्यांना गुरुस्थानी मानणारे बाबा आढाव 'एक गाव, एक पाणवठा' ही हाक देत महाराष्ट्रभर हिंडत होते, हे मला पुढे शिक्षक झाल्यावर कळले. त्यांची रीत वैद्याचीच होती. आधी तपासणी, मग उपचार. गावात जावे, विहिरी पाहाव्यात, कोण कोठून पाणी भरते हे विचारावे, सभा घ्यावी, आणि मग सर्वांनी मिळून एकाच विहिरीवर जावे. हे काम सांगावयास सोपे, करावयास अवघड. पाणी भरून बाबा पुढच्या गावी जात. ज्यांनी भरले त्यांना तेथेच राहावयाचे असे, आणि ज्याच्या शेतावर मजुरी करावयाची त्याचाच रोष पत्करावा लागे. घागर विहिरीत सोडणाऱ्या त्या माणसांचे धैर्य मला बाबांच्या धैर्याहून लहान वाटत नाही. या भ्रमंतीत जे दिसले ते बाबांनी 'एक गाव एक पाणवठा' याच नावाच्या पुस्तकात लिहून ठेवले.

आंदोलनांपायी त्यांनी अनेकदा तुरुंगवास सोसला. वय वाढले तरी नवी नवी माणसे त्यांच्याकडे येतच राहिली. १९९३ मध्ये कचऱ्यातून कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या स्त्रियांची पंचायत पुण्यात त्यांच्या अध्यक्षतेखाली उभी राहिली, आणि पुढे त्या स्त्रियांना महानगरपालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे मिळाली. ८ डिसेंबर २०२५ रोजी, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

आमच्या खेड्यात आता नळ आला आहे, आणि त्या विहिरीवर लोखंडी जाळी बसवली आहे. दुष्काळात घागर घेऊन बसणाऱ्या त्या बाईची नात पुढे माझ्याच वर्गात शिकली. एके दुपारी शिकविता शिकविता मला खोकला आला, तेव्हा ती न सांगता उठली आणि माठातून पेला भरून तिने माझ्या हातात दिला. पाणी पिऊन झाल्यावर मी तिला तिच्या आजीचे नाव विचारले. रोज विहिरीवर दिसणाऱ्या त्या बाईचे नाव तोवर मला ठाऊक नव्हते.

अभ्यास

१. डॉक्टरांच्या औषधाने हमालांचे दुखणे कायमचे बरे का होत नव्हते?
२. 'हे मात्र वहीत कोठेच मांडले जात नव्हते.' काय मांडले जात नव्हते, ते आपल्या शब्दांत लिहा.
३. विहिरीवर पाणी भरणाऱ्या गावकऱ्यांचे धैर्य लेखकाला मोठे का वाटते?
४. आपल्या गावच्या बाजारात जाऊन एका हमालाशी बोला. पोत्याचे वजन, हमालीचा दर आणि त्याचे नाव लिहून आणा.