बोकडाच्या मटणाचा घरगुती रस्सा : निवड, शिजवणी आणि काळजी

कोकणातील शेतकरी कुटुंबात मटणाचा रस्सा रोजचा नसतो. आषाढातली अमावास्या, शिमगा, लग्नानंतरचे जेवण किंवा मुंबईहून आलेले चाकरमानी अशा निमित्तानेच तो होतो. ज्या पदार्थावर घराचा एवढा पैसा खर्च होतो, तो चिवट राहावा, वाया जावा किंवा त्यापासून आजार व्हावा, हे कोणासही परवडणारे नाही. म्हणून बोकड निवडण्यापासून उरलेला रस्सा ठेवण्यापर्यंतच्या गोष्टींचा येथे क्रमाने विचार केला आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बचत गटांच्या सभेत या माहितीचा उपयोग करावा.

१. मटणाचे पोषणमूल्य

चरबी काढलेल्या १०० ग्रॅम कच्च्या मटणात सुमारे २० ग्रॅम प्रथिने आणि दोन ते तीन ग्रॅम स्निग्धांश असतो. लोह तीन मिलिग्रॅमच्या जवळपास असते. हा आकडा लहान दिसतो; परंतु मांसातील लोहाचा मोठा भाग शरीरात सहज शोषला जातो आणि त्याच जेवणातील भाकरी, भात व कडधान्ये यांतील लोहाचे शोषणही मांसामुळे वाढते. ताटात लिंबाची फोड असल्यास त्याला आणखी मदत होते. जेवणावर लगेच चहा घेतल्यास मात्र शोषण घटते; चहा तासाभराने घ्यावा.

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. अशा स्थितीत घरातील पुरुष व पाहुणे प्रथम जेवतात आणि स्त्रियांच्या वाट्यास तळाचा रस्सा व हाडे येतात, ही रीत घातक आहे. फोडींची वाटणी पातेले चुलीवरून उतरताच करावी आणि गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता व वाढत्या मुली यांचा वाटा आधी काढून ठेवावा. केवळ मटणाने रक्तक्षय हटणार नाही हे खरे. पण जे घरात शिजते, ते ज्याला सर्वांत अधिक हवे त्याच्या पोटात जावे, एवढे तर आपल्या हाती आहे.

२. जनावराची निवड

कोवळ्या बोकडाचे मांस लवकर शिजते. शेळीवर्गाच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात; वय खालच्या आठ दातांवरून ओळखावे. सर्व दात दुधाचे, लहान व सारखे असतील तर बोकड साधारण वर्ष-सव्वा वर्षाच्या आतील समजावा. मधले दोन दात मोठे झाले असतील तर तो वर्ष-दीड वर्षाचा, आणि चार मोठे असतील तर सुमारे दोन वर्षांचा होय. रश्श्यासाठी आदत किंवा दोन दाती बोकड उत्तम. म्हाताऱ्या शेळीचे मांस टाकाऊ नसते. मात्र त्याला वेळ व जळण दुप्पट लागते, हे धरून भाव करावा.

जिवंत वजनाच्या साधारण ४५ ते ५० टक्के वजन सोललेल्या धडाचे भरते. म्हणजे २० किलोच्या बोकडापासून ९ ते १० किलो मटण मिळेल असा हिशेब धरावा. दक्षिण कोकणातील कोकण कन्याळ ही जात येथील दमट हवेत व डोंगरउतारावरच्या चाऱ्यावर चांगली वाढते. तोंडावरील दोन पांढरे पट्टे आणि पांढऱ्या कडांचे लांब लोंबते काळे कान यांवरून ती ओळखता येते.

३. कोणते मांस खाऊ नये

आजारी किंवा आपोआप मेलेले जनावर कधीही खाऊ नये. चांगले चरणारे जनावर अचानक मेले आणि नाक, तोंड वा गुदद्वारातून न गोठणारे काळसर रक्त आले, तर फाशी रोगाचा संशय धरावा. माणसाला याच रोगाने काळपुळी होते. असे जनावर सोलू नये, कापू नये. कापल्याने रोगजंतू हवेत येऊन बीजरूप धारण करतात आणि ते बीज जमिनीत कित्येक वर्षे जिवंत राहते. पशुवैद्यकास ताबडतोब कळवावे व त्यांच्या देखरेखीखाली मृतदेह सहा फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावा. ‘चांगले शिजवले की काही होत नाही’ ही समजूत येथे लागू नाही. धोका सोलतानाच सुरू होतो.

दुसरी गोष्ट पाण्याच्या गाठींची. काही बोकडांच्या काळजात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेल्या पांढऱ्या फोडासारख्या गाठी दिसतात. त्या भागाचे तुकडे कुत्र्यास टाकण्याची सवय सर्वत्र आहे. कुत्र्याच्या आतड्यात त्या गाठीतील जंतूंचे जंत होतात, त्यांची अंडी विष्ठेतून अंगणात पडतात आणि मुलांच्या हातावाटे पोटात जाऊन माणसाच्या यकृतात तशाच गाठी होतात. असा भाग जाळावा किंवा कुत्रे उकरणार नाही इतका खोल पुरावा.

बोकडाला अलीकडे औषध टोचले असेल, तर पशुवैद्यकाने सांगितलेले दिवस उलटल्यावाचून तो कापू नये.

४. मांस चिवट का राहते

कापल्यानंतर काही तासांत स्नायू ताठरतात. त्या अवस्थेत शिजवलेले मटण कोवळे असूनही रबरासारखे लागते. थंडीची सोय नसलेल्या घरी मांस ठेवून मुरवणे शक्य नाही. म्हणून ते ताजे असतानाच चुलीवर चढवावे. शीतपेटी असल्यास रात्रभर तिच्यात ठेवून दुसऱ्या दिवशी शिजवावे.

चिवटपणाचे दुसरे कारण स्नायूंना जोडणारे पांढरे तंतू हे होय. कोरड्या जाळावर ते आकसतात. ओलसर मंद उष्णतेत मात्र ते हळूहळू विरघळून चिकट रसात बदलतात व रश्श्याला दाटपणा येतो. म्हणून सतत हालचाल करणाऱ्या खांदा, मान व नळीच्या मांसाचा रस्सा अधिक चवदार होतो. मोठा जाळ केल्याने वेळ वाचत नाही. उकळते पाणी शंभर अंशांच्या वर तापत नाही, फक्त जळण व पाणी उडते.

५. कृती (एक किलो मटण, सहा ते आठ माणसे)

मुरवण : मटण मोठ्या भांड्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवावे, नळाच्या धारेखाली शिंतोडे उडवू नयेत. पंधरा लसूण पाकळ्या, एक इंच आले, तीन हिरव्या मिरच्या व मूठभर कोथिंबीर वाटून घ्यावी. त्यात एक लहान चमचा हळद व तीन लहान चमचे मीठ मिसळून फोडींना चोळावे आणि अर्धा ते एक तास ठेवावे. मांस जून असेल तर परसातील कच्च्या पपईचा दोन चमचे कीस लावावा. पपईच्या चिकातील पाचक द्रव्य तंतू तोडते. मात्र अधिक घातल्यास मांसाचा लगदा होतो.

मसाला : ब्याडगी मिरच्या सहा, संकेश्वरी चार, धणे दोन मोठे चमचे, बडीशेप व खसखस एकेक लहान चमचा, मिरी आठ, लवंगा चार, दालचिनीचे दोन तुकडे, थोडे दगडफूल व जायपत्री हे मंद आचेवर निरनिराळे भाजून कुटावे. घरचा वर्षाचा मसाला असल्यास तीन ते चार लहान चमचे पुरे.

वाटण : तीन कांदे उभे चिरून तेलावर तांबूस करावेत. अर्धी वाटी सुके खोबरे व अर्ध्या ओल्या नारळाचा चव खमंग भाजून कांद्यासह बारीक वाटावा. खोबरे करपले तर रस्सा कडू होतो.

शिजवणी : जाड बुडाच्या पातेल्यात चार मोठे चमचे तेल तापवून एक चिरलेला कांदा परतावा, मुरवलेले मटण घालावे व पाणी सुटून आटेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे परतावे. नंतर फोडी बुडतील इतके उकळते पाणी घालून झाकण ठेवावे. थंड पाण्याने उकळी मोडते व जळण वाया जाते. कोवळ्या मटणास एक ते सव्वा तास, जून मटणास दोन ते अडीच तास लागतात. दाबाच्या कुकरमध्ये पहिल्या शिटीनंतर मंद आचेवर अनुक्रमे सुमारे वीस व पस्तीस मिनिटे पुरतात. फोड बोटाने सहज तुटू लागली की मसाला व वाटण घालून दहा मिनिटे मंद उकळावे. नारळाचे दूध घालायचे असेल तर अगदी शेवटी घालावे; खळखळ उकळल्यास ते फुटते.

तांदळाची भाकरी किंवा वडे, काळ्या वाटाण्याची उसळ आणि सोलकढी यांसह हे जेवण पूर्ण होते. कच्चे मांस कापलेल्या सुरीने व पाटावर कोशिंबिरीचा कांदा चिरू नये.

६. उरलेला रस्सा

समारंभानंतरच्या जुलाबांचे कारण पुष्कळदा शिळ्या रश्श्यात असते. काही जंतूंचे बीज उकळण्यानेही मरत नाही. मोठे पातेले झाकून ठेवले की मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि त्या उबेत ते झपाट्याने वाढतात. म्हणून वाढप संपेपर्यंत रस्सा निखाऱ्यावर वाफाळता ठेवावा. उरलेला रस्सा दोन तासांच्या आत पसरट भांड्यांत ओतून, ती भांडी गार पाण्यात ठेवून निववावा व शीतपेटीत ठेवावा. पुन्हा खाताना लागेल तेवढाच काढून खळखळ उकळावा. शीतपेटी नसल्यास उरेल इतका शिजवूच नये.

७. मसाला आपल्या वाडीतला

या रश्श्यातील नारळ, मिरी, दालचिनी, जायपत्री व लवंग हे सर्व रत्नागिरी जिल्ह्यात पिकते. रत्नागिरीजवळील भाट्ये येथे १९५५ साली सुरू झालेल्या नारळ संशोधन केंद्राने नारळाच्या बागेत मसाला पिके घेण्याची ‘लाखी बाग’ पद्धत पुढे आणली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने दालचिनीची ‘कोकण तेज’ व कोकमाची ‘कोकण अमृता’ या जाती दिल्या आहेत. परसातील नारळावर मिरीचा एक वेल चढवला, तरी घराची गरज भागू लागते.

थोडक्यात : दात पाहून बोकड घ्यावा, मेलेले जनावर टाळावे, गाठी पुराव्यात, मंद आचेवर शिजवावे, घरातील स्त्रियांचा वाटा आधी काढावा, आणि उरलेले लवकर निववावे. कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकात या सहा गोष्टी भगिनींकडून वदवून घ्याव्यात.