धडा तर पुस्तकात आहे, मग बाई कशाला?

प्रश्न : माझी नात दहावीत आहे. गणिताचे सर रजेवर गेले की तिचे अडते. इतिहासाचे पुस्तक मात्र ती घरी बसून सहज वाचते. परवा तिच्या इतिहास-भूगोलाच्या बाई मतदार यादी घेऊन आमच्या सोसायटीत फिरताना दिसल्या. या विषयांच्या शिक्षकांचे नेमके काम काय असते? धडा वाचून दाखवायचा आणि उरल्या वेळात सरकारी कामे करायची, एवढेच का?
– एक आजोबा, सांगली

उत्तर : आजोबा, तुमच्या पत्रात दोन शंका एकमेकींत अडकल्या आहेत. बाई यादी घेऊन का फिरतात, ही एक. आणि पुस्तक समोर असताना बाई हव्यात कशाला, ही दुसरी. पहिली लवकर सुटते, म्हणून ती आधी घेऊ.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा; तो अमलात आला 1 एप्रिल 2010 पासून. त्याच्या कलम 27 नुसार शिक्षकांना शिक्षणाबाहेरची कामे देता येत नाहीत. मात्र त्याला तीन अपवाद आहेत : दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्तीतले मदतकार्य आणि निवडणुका. बाई तुमच्या दारी आल्या त्या तिसऱ्या अपवादाने. यादीचे काम सुटीच्या किंवा अध्यापन नसलेल्या दिवशी करून घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये सांगितले आहे. म्हणजे त्या रविवारी आल्या असतील तर वर्ग बुडालेला नाही, बाईंचा रविवार बुडाला आहे. आणि निवडणूक हा नागरिकशास्त्राचा धडा असला, तरी हे काम काही त्यांच्या विषयामुळे त्यांच्याकडे आलेले नाही. तुमच्या नातीचे गणिताचे सरही कुठल्या तरी दुसऱ्या गल्लीत तशीच यादी घेऊन फिरत असण्याची शक्यता आहे.

आता वर्गात येऊ. शिक्षकाने काय करायचे, हे त्याच कायद्याच्या कलम 24 मध्ये आहे. शाळेत नियमित आणि वेळेवर यायचे, अभ्यासक्रम ठरल्या मुदतीत पुरा करायचा, प्रत्येक मुलाला कितपत समजले ते पाहून लागेल ती जादा मदत द्यायची, पालकांना नियमित भेटायचे. आठवड्याचे 45 तास, त्यांत तयारीचा वेळही धरलेला. सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांना किमान एकेक शिक्षक हवाच, असे परिशिष्टात म्हटले आहे. म्हणजे निदान कायद्याने तरी इतिहास-भूगोलाला भरतीचा विषय मानलेले नाही. हा कायदा आठवीपर्यंतचा. पुढच्या वर्गांसाठी, खासगी शाळांपुरती, 1981 ची सेवाशर्ती नियमावली आहे आणि शिक्षकांची कर्तव्ये तिच्यातही सांगितलेली आहेत.

पण ही सर्वच शिक्षकांची कर्तव्ये झाली. तुमची खरी शंका वेगळी आहे : वाचता येणाऱ्या मुलीला वाचून दाखवणारी बाई कशाला?

नातीचे इतिहासाचे पुस्तक एकदा उघडून पाहा. तुमच्या-आमच्या वेळच्या लढाया आणि तह त्यात सापडणार नाहीत. पुस्तक सुरू होते ते इतिहास लिहिला कसा जातो इथून : आधी पाश्चात्त्य परंपरा, मग भारतीय. पुढे प्रसारमाध्यमे, मनोरंजन, खेळ, पर्यटन आणि ऐतिहासिक ठेव्यांचे जतन. हे सगळे नुसते वाचायला सोपे आहे आणि वाचून विसरायला त्याहून सोपे. एखादी गोष्ट खरी कशावरून मानायची, हा त्यातला गाभा. तो वर्गात प्रश्न-उत्तरे झाल्याशिवाय मुलांच्या हाती लागत नाही.

एक नमुना देतो. शिवजयंती दोनदा का, हा प्रश्न वर्गात कधी ना कधी येतोच. घाईतले शिक्षक ‘तो वादाचा विषय आहे’ म्हणून पान उलटतात. मन लावून शिकवणारी बाई तो प्रश्न सोडवून दाखवते. आधी ती त्याचे दोन प्रश्न करते. जन्माचे वर्ष कोणते, हा पुराव्याचा प्रश्न. जयंती कोणत्या दिनदर्शिकेने साजरी करायची, हा प्रथेचा. पुराव्यापुरते पाहिले तर बखरींच्या आधारे शके 1549, म्हणजे इसवी सन 1627 हे वर्ष पूर्वी बराच काळ धरले जाई. पुढे लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची घटनांची तारीखवार नोंद, उजेडात आणली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 (इसवी सन 1630) अशी नोंद आहे. शिवरायांचा समकालीन कवी परमानंद याच्या शिवभारतातही तीच तिथी मिळते. मग बाई मुलांना विचारते : यातले आधीचे लिखाण कोणते, लिहिणारा घटनेच्या किती जवळचा, आणि वेगवेगळ्या ठिकाणची दोन साधने एकच सांगत असतील तर काय मानावे? मुले 1630 पाशी आपली आपण पोचतात. त्यानंतर 19 फेब्रुवारी ही शासनाची तारीख आणि पंचांगाप्रमाणे दरवर्षी सरकणारी तिथी, दोन्ही एकाच नोंदीतून निघालेल्या आहेत, हे कळायला वेळ लागत नाही. यात कोणाचीही भावना दुखावली जात नाही. तासिका मात्र पुरी संपते. मग ‘पोर्शन मागे का’ म्हणून मुख्याध्यापकांपुढे उभे राहावे लागते ते याच बाईंना.

भूगोलाचेही तसेच. दहावीत भारताच्या जोडीला ब्राझील आहे. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात वस्ती विरळ का, यावर ‘भौगोलिक कारणे लिहा’ असा प्रश्न येतो आणि गाइडात उत्तर तयार असते. ते पाठ केले की गुण मिळतात, याबद्दल वाद नाही. पण वर्षभर पाऊस, त्यामुळे दाट अरण्य, त्यामुळे रस्ते करणे अवघड, आणि म्हणून लोक किनाऱ्याकडे, ही साखळी नकाशासमोर उभे राहून मुलांकडून एकेक कडी काढून घेतली, तर पुढच्या वर्षी दुसऱ्या देशाचा नकाशाही त्यांना वाचता येतो. राजधानी रिओहून उचलून 1960 मध्ये आतल्या भागात, ब्राझीलियाला का नेली असेल, हा अंदाजही मुले मग बांधू लागतात.

सर्वांत नाजूक भाग राज्यशास्त्राचा. त्यात निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी आणि लोकशाहीपुढची आव्हाने आहेत. वर्गात सर्व पक्षांच्या घरांतली मुले बसलेली असतात आणि संध्याकाळी घरी काय बोलणे होते, ते सकाळी वर्गात उमटते. बाईंनी राजकारणाचे नावच काढू नये, असे पुष्कळ पालकांना वाटते. ते मला पटत नाही. बाईंनी स्वतःचे मत सांगू नये, हे खरे. पण मुलांना एकमेकांचे मत ऐकून घ्यायला आणि त्यामागचे कारण मागायला शिकवणे हेच तर तिथले काम आहे.

‘पाठांतराचा विषय’ हा शिक्का का बसला, हेही सांगतो. दहावीला सामाजिक शास्त्रांचे गुण एकूण 100 : इतिहास व राज्यशास्त्राला 40, भूगोलाला 40 आणि अंतर्गत मूल्यमापनाचे 20. शिकवणी मात्र गणित-विज्ञानाची लागते आणि हे विषय परीक्षेच्या आदल्या रात्रीवर सोडले जातात. (मार्च 2020 च्या परीक्षेत टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि सरासरीने गुण दिले गेले. मुलांना झालेला आनंद भूगोलाच्या शिक्षकांनी मुकाट्याने पाहिला.) प्रश्नपत्रिकेत जे विचारतात तेच शिकवले जाते, हा दोष एकट्या बाईंच्या माथी मारता येणार नाही. तरी पुस्तकातल्या ओळींखालच्या रेघा दाखवून ‘एवढे पाठ करा’ म्हणणारे शिक्षक आहेत, आणि त्यांच्यापुरती तुमची तक्रार रास्त आहे.

तासिकेनंतरचे काम तर तुम्हाला दिसतच नाही. वार्षिक नियोजन, टाचण, घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका, वर्गशिक्षक असतील तर हजेरीपत्रक, आणि कोणी रजेवर असेल तर त्याचा ऑफ तास. क्षेत्रभेट तर भूगोलाच्या पुस्तकातला पहिलाच पाठ आहे; ती खरोखर न्यायची तर पालकांची संमतिपत्रे गोळा करण्यापासून बसमधली डोकी मोजण्यापर्यंत सगळे बाईंच्याच वाट्याला येते.

तेव्हा आजोबा, पुढच्या पालकसभेला आईवडिलांना सवड नसेल तर तुम्ही जा. गणिताच्या सरांपुढच्या रांगेत उभे राहण्याआधी इतिहास-भूगोलाच्या बाईंना भेटा. नातीचे गुण विचारू नका, ते निकालपत्रावर असतातच. ती वर्गात प्रश्न काय विचारते, तेवढे विचारून या.